पाकिटावर ‘पर्यावरणपूरक डाळ’ छापू का?

जामनेरची मावशी:
आमचा दहा बायांचा बचत गट. जामनेर तालुक्यात गावातच तीन एचपीची छोटी डाळ मिल टाकली, त्याला चार वर्षं झाली. नाशिकच्या प्रदर्शनात एक ताई म्हणाल्या, “मावशी, ‘स्थानिक, पर्यावरणपूरक’ असं ठळक छापा, किलोला वीस रुपये जास्त मिळतील.” मजकूर छपाईवाल्याकडे द्यायचा होता, पण हात अडला. कारण मी वही ठेवते. आमच्या १०० किलो तुरीतून डाळ निघते ६६ किलो. जळगावच्या एमआयडीसीतला एक मिलवाला ७२ सांगतो. म्हणजे क्विंटलमागे सहा किलो डाळ आम्ही चुनीत, म्हणजे टरफल-भुग्यात, घालवतो. चुनी म्हशी खातात, फेकली जात नाही, हे मान्य. पण त्या सहा किलोसाठी वावरात खत पडलंच, फवारणी झालीच ना? वाळवण मात्र आमचं गच्चीवर, त्याला वीज लागत नाही. मग लहान मिलची डाळ चांगली की मोठ्या? खोटं छापायचं नाही मला.

मिस्तरी, जळगाव:
मावशी, २२ वर्षं डाळ मिलमध्ये काढली, म्हणून सांगतो. मशीन लहान आहे म्हणून सहा किलो जात नाहीत. तुरीचं टरफल डिंकासारख्या थरानं दाण्याला चिकटलेलं असतं, सहज सुटत नाही. म्हणून तर आधी रोलरवर ओरखडायचं, तेल चोळायचं, रात्रभर ढीग घालायचा, मग पाणी मारून ऊन दाखवायचं. तुम्ही तूर घालण्याआधी चाळता का? बारीक-जाड एकत्र गेलं की जाड दाणा घासून घासून पीठ होतो आणि बारकाचं साल तसंच राहतं. मग परत फिरवता, तिथंच मार बसतो. मोठ्या मिलमध्ये आकारानुसार माल वेगळा काढतात. सालच १५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ८५ कुणालाच मिळत नाहीत, पण ७० तुम्हाला जमतील.
आणि ऊन सोडू नका. आमच्याकडे पावसाळ्यात ड्रायर चालतो तेव्हा बिल बघून मालक घाम पुसतो. तुमची तूर जानेवारीत घरात येते, मे महिन्यापर्यंत उरकून घ्या.

गाडीवान, भुसावळ:
रागावू नका मावशी, पण ‘जवळचं ते चांगलं’ म्हणणारं कुणी डिझेल मोजत नाही. माझी दहाचाकी, १६ टन माल, लिटरला चार किलोमीटर. जळगाव ते मुंबई ४०० धरा. १०० लिटर. किलोला सव्वासहा मिली. आता तुमची डाळ जळगावच्या दुकानांत छोटा हाथीनं येत असेल. जाऊन-येऊन ६० किलोमीटर, तीन लिटर, माल ३०० किलो. किलोला दहा मिली! मोटारसायकलवर एकच पोतं टाकून कुणी निघालं तर विचारूच नका.

अमळनेरकर:
गाडीवान भाऊ, हिशोब बरोबर शे, पन अर्धा शे. मावशीचा टेम्पो जाऊन-येऊन मोजला, तुमची गाडी फक्त जाताना. मुंबईहून रिकामी येता का?

गाडीवान, भुसावळ:
रिकामी आणली तर दिवाळं निघेल, भो. दोन दिवस थांबतो पण माल भरूनच निघतो. मावशींनीही तेच करावं.

अमळनेरकर:
तरी एक राहिलंच. मुंबईला उतरल्यावर तीच डाळ गल्लीतल्या दुकानापर्यंत परत टेम्पोनंच जाते. आणि मोठ्या मिलला वर्षभर माल लागतो, म्हणून मोझांबिक, म्यानमारची तूरही येते. बोटीवर किलोमागे इंधन कमीच लागतं, पण ते मोजायला तर हवं? मावशीची तूर वावरातून मिलपर्यंत बैलगाडीनं येत असेल.

जामनेरची मावशी:
बैलगाडी कसली, ट्रॅक्टर. पण दोन किलोमीटरच.
सगळ्यांचे आभार. मिस्तरी भाऊ, चाळण्या आणल्या, तीन प्रती वेगळ्या केल्या. पहिल्याच खेपेला क्विंटलला ६९ निघाली. वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय. टेम्पो आता आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी जातो, भरून, आणि येताना गावच्या किराणा दुकानाचा माल घेऊन येतो. दुकानदार अर्धं भाडं देतो.
पाकिटावर छापलं: ‘तूर आमच्याच वावरातली. गच्चीवर उन्हात वाळवलेली.’ छपाईवाला विचारत होता, पर्यावरण कुठं गेलं? म्हटलं, तो शब्द फार लांब होता.