मदत हवी आहे: गुराम्हशींच्या घटसर्पाच्या मायक्रोपार्टिकल (सूक्ष्म कणांच्या) लशीतून पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त प्रथिन बाहेर येतंय

प्रश्न
घटसर्पाचा जीवाणू पाश्चुरेला मल्टोसिडा, त्याच्या पी-५२ (बी:२) या वाणाच्या बाह्यपटलातली प्रथिनं पीएलजीए ५०:५० (शरीरात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) मध्ये भरतोय. तेलयुक्त लस जास्त काळ टिकते, पण घट्टपणामुळे टोचायला कठीण जाते आणि जागेवर गाठ राहते, म्हणून हा मार्ग.

४ मिली डायक्लोरोमिथेनमध्ये (विद्रावक) २०० मिग्रॅ पीएलजीए. त्यात पीबीएसमधलं (खारट फॉस्फेट बफर) प्रथिन १ मिली (५ मिग्रॅ), बर्फावर प्रोब सोनिकेशन (ध्वनिलहरींनी मिसळणं) ३० सेकंद. हे इमल्शन १% पीव्हीएच्या (थेंब एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर) ४० मिलीत (डिस्टिल्ड वॉटर), ६,००० आरपीएमला २ मिनिटं. मग ४ तास ढवळणं, तीनदा धुणं, फ्रीझ ड्रायिंग.

कण २ ते ६ मायक्रॉन, म्हणजे आकार ठीक. पण आत फक्त २२% प्रथिन राहतं आणि ३७ अंशांना पहिल्या २४ तासांत त्यातलं ५५% बाहेर येतं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
पहिला संशय मिठावर. आतल्या थेंबात पीबीएस आणि बाहेर साधं पाणी, त्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पॉलिमर घट्ट व्हायच्या आतच थेंब फुगून फुटतात आणि कण सच्छिद्र होतो. तुमच्या दोन्ही तक्रारी यातूनच येऊ शकतात. पीव्हीएच्या द्रावणात ०.९% मीठ घाला. शिवाय ४ मिलीत १ मिली पाणी फार झालं. तेच ५ मिग्रॅ प्रथिन ०.४ मिलीत आणा. पीएलजीए ४०० मिग्रॅ केलंत तर भिंत जाड होईल, पण कणही मोठे होतील, तेव्हा वेग ८,००० पर्यंत न्यावा लागेल.

प्रतिसाद २
प्रथिन सार्कोसिलने (एक डिटर्जंट) काढलंय का? त्याचा अंश उरला तर पहिलं इमल्शन टिकतच नाही. सोनिकेशननंतर ते काचेच्या नळीत १० मिनिटं स्थिर ठेवून बघा. डायक्लोरोमिथेन जड असल्याने सुटलेलं पाणी वर येतं.

प्रश्नकर्ता
हो, सार्कोसिलच. आत्ताच पाहिलं, ५ मिनिटांतच वर थर दिसला. ते काढायला एका रात्रीचं डायलिसिस केलं होतं.

प्रतिसाद २
मग आधी हेच सोडवा, मिठाचं नंतर. सार्कोसिलमध्ये न विरघळलेला गाळ म्हणजेच तुमची प्रथिनं. तो गाळच डिटर्जंट नसलेल्या ट्रिस बफरमध्ये ढवळून १,००,००० जी ला तासभर फिरवा, असं दोनदा. डिटर्जंट गेल्यावर ही प्रथिनं गोळा होतात, म्हणून पीएलजीएत घालण्याआधी थोडं सोनिकेशन करून निलंबन एकसारखं करून घ्या. गुठळी राहिली तर ती कणाच्या पृष्ठभागाशी अडकते आणि पहिल्याच दिवशी सुटते.

प्रतिसाद ३
२२% हा आकडा धुण्याच्या पाण्यातून काढला असेल तर त्यावर विसंबू नका. १० मिग्रॅ कण १ मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड + ५% एसडीएस (डिटर्जंट) मध्ये रात्रभर विरघळवा आणि बीसीए (प्रथिन मोजण्याची रंगचाचणी) करा. त्याच पद्धतीने बनवलेले रिकामे कण सोबत हवेतच, नाहीतर उरलेलं पीव्हीए आकडा बिघडवू शकतं. बाहेर आलेलं प्रथिन जेलवर आणि वेस्टर्न ब्लॉटवरही (प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याची चाचणी) बघा. विद्रावक आणि पाण्याच्या सीमेवर ते बिघडलं असेल, तर बीसीए ते सांगणार नाही.

उंदरांवर जाल तेव्हा कणांविना तेवढंच प्रथिन दिलेला गट ठेवा. या प्रथिनात एलपीएस (जीवाणूच्या बाह्यपटलातलं लिपोपॉलिसॅकराइड) असतंच आणि ते स्वतःच प्रतिकारशक्ती चेतवतं. हा गट नसेल तर वाढलेल्या टायटरचं (प्रतिपिंडांच्या पातळीचं) श्रेय कणांना देता येणार नाही.