सर्पदंशाचा संदेश दशावतारातून: मंडळाशी नेमकं काय ठरवावं?

खाडीकाठ:
सावंतवाडी-कुडाळ भागात आमची छोटी संस्था आहे. साप चावला तर भगताकडे वेळ न घालवता दवाखाना गाठा, एवढंच लोकांपर्यंत न्यायचंय. एका दशावतार मंडळाला सुपारी द्यायची, म्हणजे पैसे देऊन प्रयोग ठरवायचा, आणि मालवणी यूट्यूब चॅनलसोबत तीन छोटे व्हिडिओ करायचे, असं डोक्यात आहे. पूर्ण आख्यानच सर्पदंशावर लिहून घ्यावं का? आणि करारात काय काय हवं?

पायपेटी:
आख्यान लिहून देऊ नका. दशावतारात संवाद पाठ केलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. लिहिलेलं हातात दिलंत की तोच नट शाळेतल्या भाषणासारखा बोलायला लागतो. शिवाय आख्यान पौराणिक. तिथे मध्येच रुग्णवाहिकेचा 108 नंबर आला की मांडासमोरची, म्हणजे प्रयोगाच्या जागेपुढे बसलेली, म्हातारी माणसंही हसतात, आणि ते हसू आपल्या कामाचं नव्हे.

जागा आहे ती आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, संकासुर या विनोदी पात्राच्या तोंडी. तो मालवणीत चालू घडामोडींवर टोले हाणतोच. चार-पाच मिनिटं पुरेत. त्याला तीन गोष्टी द्या: आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, थेट दवाखाना. बाकी त्याच्यावर सोडा. उदाहरणार्थ:

"पायाक काय बांधलंस रे?"
"नाडो. इख (विष) वर चढाक नको म्हणान."
"इख चढाचा ता चढतलाच, पाय मात्र काळो पडतलो!"

तालमीला डॉक्टर किंवा नर्स एकदा तरी बसवा. हशा वाढवायच्या नादात संकासूर 'चिरा मारून रक्त काढा' असं बोलून जातो आणि लोकांच्या नेमकं तेच लक्षात राहतं. एक अडचण आधीच सांगतो: तिकिटाच्या ट्रिकसीनवाल्या (चमत्काराची दृश्यं दाखवणाऱ्या) प्रयोगांत आड दशावतार पुष्कळदा आटोपता घेतात. तेव्हा सुपारी जत्रेच्या नाइटची द्या, नाहीतर 'हा भाग वगळायचा नाही' हे कागदावर घ्या.

भातखाचर:
मला मोसमाची काळजी वाटते. जत्रा कार्तिकात सुरू होतात. साप चावतात ते जास्त करून पावसात आणि भातकापणीत. म्हणजे दशावतारातून सांगितलेलं सहा-सात महिने जुनं होतं. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, तेव्हाचे प्रयोग धरा. रत्नागिरीकडे काम असेल तर गणपतीतली जाखडी, तिथलं लोकनृत्य, जास्त सोयीची. यूट्यूबचे व्हिडिओ जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडा.

आणि आधी दवाखाना तपासा! मेक्सिकोत 1975 साली 'वेन कॉनमिगो' या मालिकेतून प्रौढांना साक्षरतावर्गाकडे वळवलं. फुकट पुस्तिका कुठे मिळतील ते सांगताच एवढी गर्दी लोटली की वाटप कोलमडलं. तिथे पुस्तिका उशिरा मिळाली तरी चाललं, इथे चालणार नाही. प्रतिसर्पविषाच्या सुरुवातीच्या डोसालाच 8 ते 10 कुप्या लागतात. कुठल्या आरोग्य केंद्रात साठा आहे, रात्री डॉक्टर असतो का, हे प्रयोगाच्या आठवड्यात विचारून त्याच जागेचं नाव संकासुराला द्या. नुसतं 'दवाखान्यात जा' म्हणजे काहीच नाही.

चिवारीचं बेट:
मजकुराबद्दल थोडं. आपलं प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे. आंबोलीकडच्या मलबारी चापड्यावर (हाही विषारी साप) ते चालत नाही. म्हणून 'इंजेक्शन घेतलं की बरा' असं वाक्य नको, 'दवाखान्यात पोचा' एवढंच. साप मारून सोबत आणायलाही सांगू नका. अंगठी, पैंजण, घट्ट बांगड्या लगेच काढायच्या, हे मात्र नक्की घाला. सूज चढली की निघत नाहीत. मण्यारीचा दंश रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो, दुखतही नाही फारसा. एक व्हिडिओ पूर्ण त्यावर करा. विंचू यात अजिबात आणू नका. त्याचा उपचार वेगळा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेला प्राझोसिन या औषधाचा. दोन्ही एकत्र केलं की प्रेक्षक घोळ करतो.

भगताला खलनायक करू नका, तो पुढच्याच रांगेत बसलेला असतो. बिनविषारी साप चावलेला माणूस त्याच्याकडे 'बरा' होतो, म्हणून विश्वास टिकतो. त्यालाच गाडी बोलावणारा दाखवा. जादूटोणाविरोधी कायद्यात (2013) सर्पदंशावर उपचार अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे, पण हा धाक मांडावर नको, ग्रामसभेत सांगा.

खाडीकाठ:
मोसमाचं लक्षातच आलं नव्हतं. मग सुपारी मे महिन्याची. करार आणि मोजमाप?

पायपेटी:
करारात रेकॉर्डिंग कोणाचं, किती वर्षं वापरणार, नटांची संमती आणि त्यांचे वेगळे पैसे, हे स्पष्ट लिहा. सिनेमाच्या चालीवर गाणं बसवू नका, यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. चॅनलला पैसे देणार असाल तर 'सशुल्क प्रसिद्धी'ची खूण लावायला लावा. तुमचा लोगो शेवटी, तीन सेकंद. पडद्यावर अध्यक्षांचा सत्कार दिसला की लोक उठतात.

भातखाचर:
व्ह्यूज मोजू नका, ते मुंबई-पुण्याचेही असतात. प्रयोग झालेल्या आणि न झालेल्या दोन-दोन वाड्यांत संकासुराच्या त्या तीन गोष्टींवरचे तेच तीन प्रश्न आधी आणि दोन महिन्यांनी विचारा. खरा आकडा ग्रामीण रुग्णालयात मिळेल: दंशाची वेळ आणि पोचल्याची वेळ. केसपेपरवर दंशाची वेळ बहुधा लिहिलेलीच नसते. तेवढा रकाना भरायची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना आत्ताच, म्हणजे मेच्या आधी करून ठेवा.