लेडी मॅकबेथने नवऱ्याला नेमकं कसं फिरवलं
शेक्सपियरच्या 'मॅकबेथ' नाटकात राजाच्या खुनाचा विचार मॅकबेथच्या डोक्यात आधीपासूनच होता, बायकोने फक्त धक्का दिला असं काहीजण म्हणतात, ते पटतं, पण धक्का साधा नाहीये. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश बघा, मॅकबेथ बायकोला सरळ सांगतो की हे आता पुढे न्यायचं नाही, राजाने नुकताच मान दिलाय वगैरे, आणि ती यातल्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही! थेट प्रेमावर येते, मग मर्दानगीवर, मग 'तुझ्यासारखी शपथ घेतली असती तर दूध पिणारं लेकरूही आपटून मारलं असतं' हे भयंकर वाक्य, आणि तो 'पण फसलो तर?' विचारतो तिथेच कळतं गडी गेला, करायचं की नाही हा प्रश्न संपला, कसं करायचं एवढंच उरलं.

अजून एक, शेक्सपियरने इतिहासकार होलिनशेडच्या ज्या इतिहासग्रंथातून कथा उचलली तिथे मॅकबेथच्या बायकोला जेमतेम एखादं वाक्य आहे, राणी व्हायची हाव म्हणून मागे लागली, बस. नाटकात लेडी मॅकबेथ जी राजाच्या पहारेकऱ्यांना दारू पाजून झोपवायची आयडिया काढते ती त्याच ग्रंथातल्या दुसऱ्याच खुनातली, डॉनवाल्ड नावाच्या माणसाने स्कॉटलंडच्या डफ राजाला मारवलं तिथली, आणि तिथेही फूस बायकोचीच. त्या बाईंना मात्र तिथे नावसुद्धा नाही, नुसतीच 'डॉनवाल्डची बायको'.