मिनारबंदी आणि १८९३ चे मतदान

स्वित्झर्लंडमधील मिनारबंदी, म्हणजे मशिदींचे नवे मिनार बांधण्यास मनाई, हा केवळ बांधकामाच्या नियमांचा प्रश्न होता आणि लोकांनी मतदानानेच तो सोडवला, हे काहींचे म्हणणे मला पटत नाही. २९ नोव्हेंबर २००९ रोजी ५७.५ टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला, तेव्हा देशभरात मिनार होते अवघे चार. आणि बंदी घातली गेली ती नगररचनेच्या नियमांत नव्हे, तर थेट राज्यघटनेच्या ७२ व्या कलमात, तीही फक्त एकाच धर्माच्या वास्तूवर. चर्चच्या मनोऱ्यांना ती लागू नाही.

या चर्चेत न आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नागरिकांनी सह्या गोळा करून घटनेतील एखादी तरतूद बदलण्याचा प्रस्ताव मतदानाला आणण्याची सोय तिथे १८९१ साली झाली आणि तिचा पहिलाच वापर, १८९३ मध्ये, जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी आणण्यासाठी झाला. प्राणिदयेची भाषा त्यात होतीच, पण रोख ज्यूंच्या धार्मिक पद्धतीवर होता, आणि त्यांना देशात समान हक्क मिळून तेव्हा जेमतेम दोन-तीन दशके झाली होती. २००९ साली तेथील ज्यू समाजाच्या महासंघाने मिनारबंदीला उघड विरोध केला, तो मला या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही.