मदत हवी आहे: गोव्यात पोकरला किती रुपये घेऊन बसावं?

रंकाळा_चौपाटी: पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून चौघं पणजीला निघालोय. होल्डेमचं (हातात दोन पत्ते, टेबलावर पाच समाईक) टेबल १००/२०० चं, म्हणजे दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीनं लावावे लागणारे ब्लाइंड १०० आणि २०० चे. बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, ८,००० ते ४०,०००. पोकरसाठी ६०,००० बाजूला काढलेत. तीन पत्ती पक्की येते, होल्डेमचे नियमही माहीत आहेत, पण फ्लॉपनंतर (पहिले तीन समाईक पत्ते उघडल्यावर) गोंधळ उडतो. किती घेऊन बसू?

पान_सुपारी: गोंधळ उडतो ना, मग ४०,००० चा नाद सोडा. १०,००० घ्या, म्हणजे ५० बिग ब्लाइंड (२०० चा तो मोठा). समजा एक्का-राजा हातात आहे, १,००० ला रेज केलं (बोली वाढवली), एकानं कॉल केला (तेवढेच लावले). पॉट (मधे जमलेली रक्कम) साधारण २,३००, तुमच्यापुढं उरले ९,०००. फ्लॉपवर राजा आला की दोन-तीन बेटमध्ये सगळे पैसे आत, फार डोकं चालवायला नको. तेच ४०,००० असतील तर मागं ३९,००० उरतात, पॉटच्या सतरा पट. एवढी रक्कम एका जोडीवर आत गेली, तर समोर बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा त्रिकूट निघतं.

डीलर_बटण: पटतंय, पण मग १०,००० वर छोट्या जोड्या टाकून द्यायच्या, हेही सांगा की. हातात पंजांची जोडी असेल तर फ्लॉपवर त्रिकूट साडेआठ वेळांत एकदा लागतं. १,००० चा कॉल करून मागं ९,०००च उरत असतील तर तो सौदा तोट्याचा, कारण लागलं तरी दर वेळी समोरचा सगळे देत नाही. २०,००० वर जमतं, तेही समोरच्याकडं तेवढे असतील तर. त्याच्यापुढं १२,००० असतील तर तुमच्या ४०,००० पैकी त्याच्याशी खेळायला १२,०००च.

रंकाळा_चौपाटी: मधे कमी पडले तर?

पान_सुपारी: हात चालू असताना भर घालता येत नाही, दोन हातांच्या मधे घाला. जिंकलेल्या चिप्स मात्र उठेपर्यंत खिशात टाकता येत नाहीत. बसण्याआधी दोन गोष्टी विचारा: रेकला (टेबल चालवणारे दर पॉटमधून कापतात ती रक्कम) कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, किती आणि स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधीच बिग ब्लाइंडच्या दुप्पट लावणं) चालतो का. दर हाताला ४०० चा स्ट्रॅडल पडत असेल तर तुमचे १०,००० म्हणजे त्याच्या जेमतेम २५ पट. तिथं २०,००० घ्या, नाहीतर टेबल बदला.

डीलर_बटण: आणि सरावासाठी इथं फ्लॅटवर कट घेऊन चालणाऱ्या टेबलवर जाऊ नका भावा, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो. काजू-बदाम लावून खेळा.