रोजची दहा मिनिटं तरी द्या

ऑफिसमुळे तुमच्या लॅबला, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रीला, शिकवायला वेळ देता येत नाही आणि बदकांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आलाय म्हणालात, म्हणून सांगतो. आम्ही मिनेसोटात, नोकरी आठ ते पाच, पण सलग तासभर लागतच नाही हो. जेवणाचा बाऊल समोर ठेवून तिचं नाव घेईपर्यंत बसवायचं, स्टेडीनेसची, म्हणजे सांगेपर्यंत जागेवर थांबायची, निम्मी प्रॅक्टिस तिथेच होते. मागच्या अंगणात तीन-चार बंपर, म्हणजे फेकून परत आणायला लावायचे डमी, फेका, ती अजून मागत असतानाच थांबवा, नाहीतर कंटाळून बंपर चावत बसते. पाण्यातला सराव आणि ब्लाइंड, म्हणजे न बघितलेला बंपर शिट्टी नि हाताच्या खुणेवर आणणं, ते रविवारी पहाटे. जुलैच्या उन्हात मुळीच नको, लॅब दमली तरी थांबत नाही, जीभ रुंद होऊन बाजूने लोंबायला लागली की लगेच सावलीत घ्या, पाणी द्या.