देवळाला तहसीलमधून वर्षासन का येतं?

दिनू_वरची_आळी
आमच्या गावच्या महादेवाला सरकारकडनं दरवर्षी वर्षासन येतं हे मला आत्ता कळलं. रक्कम ऐकून हसू नका, शंभर रुपयेपण नाहीत, आणि त्यासाठी गुरवकाका तहसीलला चकरा मारतात, एसटीच्या तिकिटातच निम्मे जातात. कागदावर "दिवाबत्ती व नैवेद्य" असं लिहिलंय. आता सरकार सेक्युलर म्हणायचं आणि महादेवाच्या तेलाचे पैसे ट्रेझरीतून, हे कसं काय? पेशव्यांनी सुरू केलं असेल समजा, पण इंग्रजांनी का चालू ठेवलं, ते तर ख्रिश्चन ना?

मोडीवाला
दिनूशेठ, इंग्रजांना तुमच्या महादेवाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना 1818 ला पेशवाई गेल्यावर इथे शांतता हवी होती. तेव्हा इथला कारभार लावणारा साहेब म्हणजे एल्फिन्स्टन, त्याचं धोरणच ते, जुनी इनामं, नेमणुका, वर्षासनं शक्यतो तोडायची नाहीत, लोक बिथरतील असं काही करायचं नाही. सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पुण्याची श्रावणातली दक्षिणा. मुळात ती तळेगावच्या दाभाड्यांची, नंतर पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याला रमणा म्हणून मोठं आवार होतं, हजारो ब्राह्मण आत घ्यायचे, दारं बंद, आणि मग दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर पैसे, म्हणजे तोच माणूस फिरून परत नको. (रेशनच्या रांगेचा पूर्वजच म्हणा.)

एल्फिन्स्टनने रमणा बंद केला पण दक्षिणा नाही. रक्कम कापली आणि त्यातूनच 1821 ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. नंतर 1849-50 च्या सुमारास लोकहितवादी वगैरे सुधारक मंडळींनी अर्ज केला की यातले काही पैसे मराठी पुस्तकांच्या बक्षिसाला द्या, त्यावर सनातनी मंडळी अशी खवळली की विचारू नका. अर्जवाल्यांच्या संरक्षणाला जोतीराव फुले माणसं घेऊन उभे राहिले होते असं सांगतात. शेवटी पुस्तकांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी झाली. गंमत बघा, त्याच फुल्यांनी 1855 ला 'तृतीय रत्न' नाटक त्या कमिटीकडे पाठवलं तर कमिटीने नाकारलं. धर्माचा पैसा शिक्षणाचा झाला खरा पण वाटणारे हात तेच राहिले की!

शंकासुर
पण मग ईस्ट इंडिया कंपनीवर विलायतेत बोंब झाली नाही का? मिशनरी गप्प कसे बसले?

मोडीवाला
झाली ना, चांगलीच झाली. आपले साहेब मूर्तिपूजेची व्यवस्था बघतात, यात्रेकरूंवर कर घेतात, हे तिकडे खपेना. म्हणून देवळांच्या कारभारातून अंग काढायला सुरुवात झाली आणि 1863 ला बंगाल-मद्रासकडे तर कायदाच करून कारभार विश्वस्तांकडे, कमिट्यांकडे दिला. पण बघा, कारभार सोडला, पैसे नाही सोडले. इनामं आणि वर्षासनं महसुलाच्या खात्यात अडकलेली, 1852 च्या इनाम कमिशनने कागद तपासून जी मान्य केली ती चालू राहिली. कारकुनाच्या लेखी तो धर्म नव्हताच, देणं होतं. तुमचे शंभरच्या आतले रुपये त्याच वहीतून येतायत, आणि वाढत नाहीत कारण तेव्हा ठरलेला आकडा आहे.

बालाघाटकर
आमच्या मराठवाड्यात हाच प्रकार पण निजामाचा. खिदमतमाश म्हणतात. मशीद, दर्गा, देऊळ, सगळ्यांना जमिनी, अट एकच, सेवा चालू पाहिजे, जमीन विकता येत नाही. म्हणजे मुसलमान राजा देवळाला देतो आणि पेशवाईच्या मुलखात पिराला इनाम असतंच. हे सर्वधर्मसमभाव वगैरे आत्ताचे शब्द हो, तेव्हा हिशेब साधा होता, गावात ज्याचं ऐकतात त्याला बांधून ठेवा. आता मात्र या जमिनींवर प्लॉट पडलेत, कुणी कसे पाडले ते विचारू नका.

शंकासुर
बांधून ठेवा हे एकदम पटलं नाही. कोल्हापुरात उलटं झालंय. वेदोक्त प्रकरणात राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदमंत्रांनी) विधी करायला नकार दिला तर महाराजांनी त्यांचं वतनच काढून घेतलं आणि 1920 ला पाटगावच्या मौनी मठाच्या गादीवर स्वतःचा क्षात्रजगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरू, बसवला. म्हणजे घेणाऱ्यानेपण राजाला अडवलंय.

मोडीवाला
अडवलं आणि वतन गेलं! मग बांधलेलं नव्हतं तर काय होतं? बरं स्वातंत्र्यानंतर सरकार बाहेर गेलं असं समजू नका. पंढरपूरला 1973 चा कायदा करून बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क काढले, ते कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला 2014 च्या जानेवारीत. शिर्डीला 2004 चा वेगळा कायदा. इंग्रज ज्या दारातून बाहेर पडले त्याच दारातून आपण आत शिरलो, फरक इतकाच की तिथे आता दानपेटी मोठी आहे.

दिनू_वरची_आळी
बाप रे, मी तेलाचं विचारलं होतं. आमच्या महादेवाची मूळ सनद कुठे मिळेल?

मोडीवाला
पुण्यात पुराभिलेखागार (जुन्या सरकारी कागदांचं कार्यालय) आहे तिथे पेशवे दफ्तर आणि इनामांचे कागद आहेत. तालुक्याचं जुनं नाव आणि वर्षासन कुणाच्या नावावर आहे ते आधी तहसीलमधून लिहून आणा, नुसतं "महादेव" सांगून गेलात तर कुणी उभं करणार नाही. आणि सोबत मोडी वाचणारा न्या, फोटो काढून ग्रुपवर टाकलात तरी चालेल.

दिनू_वरची_आळी
गुरवकाकांना विचारतो, त्यांच्या ट्रंकेत काहीतरी गुंडाळी आहे म्हणतात.